भोंगा खिशात, बोट कचेरीत

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, इरशाळगडाच्या कुशीत वसलेली इरशाळवाडी दरडीखाली गेली. गाडीरस्ता नसलेली आदिवासींची वाडी. भर पावसात, अंधारात, चिखल तुडवत आणि डोंगर चढत मदतीची माणसे वर पोहोचली. काही दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. दरड कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, वर माती उपसण्याचे काम चालू असताना, महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांचे मोबाइल एकाएकी कर्कश आवाजात वाजू लागले. पडद्यावर मजकूर होता तो असा की, हा आणीबाणीच्या इशाऱ्याचा चाचणी संदेश आहे, आपण काहीही करण्याची आवश्यकता नाही, याकडे दुर्लक्ष करावे.

हा निव्वळ योगायोग. चाचणीची तारीख आधीच ठरलेली असणार आणि दरडीला मुहूर्त लागत नाही. त्या रात्री ही यंत्रणा पूर्ण सज्ज असती तरी इरशाळवाडीला इशारा गेला असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. यादीत जिचे नाव नाही तिच्यासाठी कळ दाबायची कोणी? तरीही या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. एका क्षणात लाखो खिशांतून ओरडू शकणारे यंत्र आपल्या हाती आले आहे, आणि ज्यांना ओरडून सांगायचे ती माणसे अजून डोंगराच्या पोटाशी गाढ झोपलेली आहेत. मधले अंतर कसे कापायचे, हा प्रश्न तंत्रज्ञांपेक्षा कचेऱ्यांना विचारण्याजोगा आहे.

त्या सकाळी अनेक घरांत घबराट झाली. फोनमध्ये विषाणू शिरला काय, कोणी बँकेचे खाते लुटतो आहे काय, सरकार आपल्यावर पाळत ठेवते आहे काय, अशा शंकाकुशंका निघाल्या. त्या अगदीच अनाठायी होत्या असे नाही. अनोळखी संदेशावर विश्वास ठेवू नका, असे आपल्याला उठता बसता बजावले जातेच. म्हणून हे यंत्र चालते कसे, ते थोडक्यात समजून घेतलेले बरे.

नेहमीचा एसएमएस हा पोस्टकार्डासारखा असतो. प्रत्येकाचा नंबर माहीत असावा लागतो आणि प्रत्येकाला वेगळे कार्ड टाकावे लागते. दहा लाख माणसांना सांगायचे तर दहा लाख कार्डे. संकटाच्या वेळी सगळेच एकमेकांना फोन लावू लागले की या टपालाची कोंडी होते आणि रात्रीचा इशारा सकाळी पोहोचतो. आता आलेली पद्धत सेल ब्रॉडकास्टची आहे. तिचे काम देवळाच्या कळसावर लावलेल्या कर्ण्यासारखे चालते. मोबाइलचा मनोरा आपल्या टापूत एकदाच घोषणा करतो, आणि त्या टापूत असलेला प्रत्येक फोन ती ऐकतो. मनोऱ्याला आपला नंबर ठाऊक नसतो, आपण कोण हेही ठाऊक नसते. पंढरीच्या वाटेवर वेशीबाहेर मुक्कामाला उतरलेल्या वारकऱ्याच्या फोनवर जे येईल, तेच गावच्या सरपंचाच्या फोनवर येईल. कोंडी होत नाही, कारण टपालच नसते. वाचकांपैकी ज्यांनी दोन हजार सालच्या आसपास पहिलावहिला मोबाइल घेतला, त्यांना आठवत असेल की गाडीतून जाताना फोनच्या इवल्याशा पडद्यावर त्या त्या भागाचे नाव आपोआप उमटत असे. लोक ते शेजाऱ्याला कौतुकाने दाखवीत. ती करामत याच तंत्राची. म्हणजे कर्णा पंचवीसएक वर्षांपूर्वीच आपल्या हाती होता. आपण त्यावर स्टेशनांची नावे वाचत होतो.

आता राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि दूरसंचार विभाग यांनी ही यंत्रणा उभी करायला घेतली. तिचे तंत्र सी-डॉट या सरकारी संस्थेचे आहे. ही तीच संस्था, १९८४ साली स्थापन झालेली, जिच्या एक्स्चेंजांमुळे खेडोपाडी टेलिफोन पोहोचला आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे पीसीओ दिसू लागले. २०२३ मध्ये आणि त्यानंतरही निरनिराळ्या राज्यांत चाचण्या झाल्या. यंत्र चालते, याबद्दल शंका उरलेली नाही. पण यंत्र चालणे आणि इशारा वेळेवर पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी स्पेनमध्ये जावे लागेल.

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचा वालेन्सिया हा प्रांत संपन्न आहे. संत्र्याच्या बागा, चांगले रस्ते, प्रत्येकाच्या हाती मोबाइल. फोनवर इशारा पाठवण्याची यंत्रणा तेथे २०२२ सालीच आली होती. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी आठ वाजायच्या आत तिथल्या हवामान खात्याने अतिवृष्टीचा लाल इशारा दिला. वालेन्सिया विद्यापीठाने तर आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवशीचे वर्ग रद्द केले होते. म्हणजे ज्याला हवामान खात्याचे ऐकायचे होते, त्याला ऐकू येत होते. दुपारपासून वरच्या डोंगराळ भागात नद्यानाले फुगले. प्रांताच्या आपत्ती केंद्रात पाच वाजता बैठक बसली. प्रांताचे प्रमुख कार्लोस माझोन त्या वेळी एका उपाहारगृहात होते. दुपारचे जेवण संध्याकाळपर्यंत लांबले आणि ते आपत्ती केंद्रात पोहोचले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. इशाऱ्याचा मजकूर काय असावा, तो कोणत्या भागाला पाठवावा, लोकांना घरात थांबा असे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही, यावर तिथे बराच वेळ खल चालला, असे पुढे न्यायालयीन चौकशीत साक्षीदारांनी सांगितले. अखेर रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी लोकांचे फोन वाजले.

तोवर पायपोर्ता नावाच्या गावातून पाण्याचा लोंढा जाऊन तास दीड तास उलटला होता. विलक्षण बाब अशी की, पायपोर्तात त्या दिवशी पाऊस असा जवळपास पडलाच नव्हता. पाणी वरून, ओढ्याच्या वाटेने आले. आकाश बघून सावध होण्याची सोय नव्हती. लोक तळघरातली मोटार वाचवायला खाली उतरले आणि तिथेच अडकले. म्हातारीकोतारी माणसे तळमजल्यावर बुडाली. प्रांतात २२० हून अधिक बळी गेले. ज्यांचे फोन छातीभर पाण्यात उभे असताना वाजले, त्यांनी पडद्यावर काय वाचले असेल? प्रवास टाळा. वरच्या मजल्यावर जा, असे त्यात नव्हते. वरातीमागून घोडे म्हणतात ते असे, आणि घोडेही भलत्याच दिशेने निघालेले. लोकांचा संताप वर्षभर रस्त्यावर धुमसत राहिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये माझोन यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले.

या साऱ्यात यंत्र कुठे चुकले? कुठेच नाही. कळ दाबल्यावर संदेश काही क्षणांत पोहोचला. जो वेळ गेला तो सारा कळीच्या अलीकडचा होता. बोट कोणाचे, त्याला अधिकार कोणाचा, वरिष्ठ जागेवर नसतील तर काय, आणि इशारा खोटा ठरला तर उद्या कोणाची मान अडकणार, या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवलेली नसली, तर ती नेमकी पूर चढत असताना शोधावी लागतात.

बोट अडखळते याचेही कारण आहे, आणि ते नुसत्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी अमेरिकेच्या हवाई बेटांवर सर्वांच्या फोनवर संदेश आला की, क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही. सुट्टीचा शनिवार. आईबाप मुलांना कवटाळून नाहणीघरात बसले, कोणी दूरच्या नातेवाइकांना अखेरचे फोन केले. क्षेपणास्त्र वगैरे काही नव्हते. पाळी बदलताना घेतलेल्या सरावात एका कर्मचाऱ्याने खराखुरा इशारा पाठवला होता. पहिला संदेश जायला क्षण लागला. तो चुकीचा होता, हे त्याच फोनांवर कळवायला ३८ मिनिटे लागली. खुलासा करायचा तर त्याचा मजकूर तयार नव्हता. राज्याच्या गव्हर्नरांना दोनच मिनिटांत सत्य कळले होते, पण ट्विटरवर ते सांगायला त्यांना आपला पासवर्ड आठवेना, हे त्यांनीच नंतर कबूल केले. हसू येते, पण त्या ३८ मिनिटांत हसण्यासारखे काही नव्हते.

आणि आता त्याच राज्यातली दुसरी गोष्ट. ८ ऑगस्ट २०२३ रोजी माउई बेटावरचे लहैना हे शहर वणव्यात जळाले. शंभराहून अधिक माणसे गेली. बेटावर त्सुनामीसाठी उभारलेले भोंगे होते. त्यातला एकही वाजवला गेला नाही. भोंगा ऐकून लोक त्सुनामी समजतील आणि डोंगराकडे, म्हणजे आगीच्याच दिशेने धावतील, असे अधिकाऱ्याचे म्हणणे पडले. फोनवर इशारे निघाले होते, पण वीज आणि मनोरे कोसळल्याने ते अनेकांना मिळालेच नाहीत. एकदा नको तेव्हा ओरडले आणि एकदा हवे तेव्हा गप्प बसले. या दोन चुकांपैकी कोणती मोठी, हे मृतांच्या आकड्यावरून कोणालाही कळेल. पण कचेरीतल्या माणसाला पहिल्या चुकीची शिक्षा लगेच मिळते आणि दुसऱ्या चुकीची मिळाली तर चौकशी आयोगानंतर. मग तो कुठे झुकेल?

हे सारे परदेशातले झाले म्हणून सोडून देता येत नाही. २५ जुलै २०२४ ची पहाट पुणेकरांच्या लक्षात असेल. खडकवासला धरणातून सोडलेले पाणी वाढत वाढत ३५ हजार क्युसेकच्या घरात गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते घरात पाणी पाहूनच. आम्हांला वेळेवर कोणी सांगितले नाही, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. सांगितले होते, कोणी कोणाला सांगितले, किती वाजता सांगितले, यावर मग खात्याखात्यांत जुंपली. आता यातली गंमत, गंमत कसली, शोकांतिका म्हणा, अशी की धरणातून सोडलेले पाणी हे भूकंपासारखे अवचित येत नाही. ते माणसांनी सोडलेले असते. किती वाजता सोडले, किती सोडले, ते पुलाखालून केव्हा जाईल, कोणत्या विसर्गाला कोणत्या सोसायटीच्या कितव्या पायरीला पाणी लागते, हे दरवर्षी पूर पाहिलेल्या अभियंत्याला तोंडपाठ असते. फोनवरच्या इशाऱ्याला यापेक्षा सोपी परीक्षा असू शकत नाही. नदीकाठच्या चार मनोऱ्यांनी पहाटे ओरडायचे, एवढेच.

पण काय ओरडायचे? इथे आपल्याकडचा एक जुना रोग आडवा येतो. आपली सरकारी सूचना 'अमुक इतक्या क्युसेकने विसर्ग वाढविण्यात येत असून नदीपात्रालगतच्या नागरिकांनी सतर्क राहावे' अशी असते. तळमजल्यावर राहणाऱ्या, बिछान्याला खिळलेल्या सासूबाईंची आणि शाळकरी मुलाची काळजी असलेल्या बाईने 'सतर्क' राहायचे म्हणजे नक्की काय करायचे? क्युसेक हे मोजमाप अभियंत्याचे आहे. ऑरेंज अलर्ट ही खात्याची आपापसातली भाषा आहे. घरातल्या माणसाला हवे असते ते एवढेच की, पाणी माझ्या दारात येणार का, कधी येणार, आणि मी आता उठून कुठे जाऊ.

जपानने हे फार मोठी किंमत मोजून शिकले. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर तिथल्या हवामान संस्थेने अवघ्या तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा दिला. वेगाच्या बाबतीत जगात याला तोड नव्हती. परंतु भूकंपाचा पहिला अंदाज कमी आला होता, त्यामुळे इवाते प्रांतासाठी लाटेची उंची तीन मीटर सांगितली गेली. समुद्राला घातलेला बांध त्याहून उंच असलेल्या गावांत काहींनी हिशेब केला की, मग पळायचे कशाला? अंदाज नंतर वाढवला, पण तोवर वीज गेली होती आणि सुधारित आकडा अनेकांच्या कानी पडलाच नाही. यावर जपान्यांनी काय करावे? त्यांनी आकडाच काढून टाकला. २०१३ पासून अतिप्रचंड भूकंपानंतरच्या पहिल्या इशाऱ्यात मीटर न सांगता 'प्रचंड' एवढाच शब्द दिला जातो. आणि १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा, एरवी अदबीने आणि मृदू आवाजात बातम्या सांगणाऱ्या जपानी दूरचित्रवाणीवरच्या निवेदिका चक्क ओरडून सांगत होत्या, आत्ताच्या आत्ता पळा, मागे फिरू नका. जपानसारख्या शिष्टाचाराच्या देशात हे ठरवून, सराव करून केलेले आहे.

याउलट उदाहरण दक्षिण कोरियाचे. ३१ मे २०२३ रोजी उत्तर कोरियाने रॉकेट सोडले आणि भल्या सकाळी सोल शहरातल्या लोकांच्या फोनवर सूचना आली की, स्थलांतराची तयारी करा, मुलांना आणि वृद्धांना आधी जाऊ द्या. कशामुळे, कुठे जायचे, याचा उल्लेखच नाही. थोड्या वेळाने दुसरा संदेश, पहिला चुकून गेला. कोरोनाच्या काळात त्या देशात रोज येणाऱ्या संदेशांनी लोक आधीच विटले होते. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण तिच्यातला धडा गुराख्याच्या पोराइतकाच सरकारी कचेरीलाही लागू आहे.

मराठीत इशारा लिहिणाऱ्यासमोर आणखी एक अडचण असते, ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात. देवनागरीची चिन्हे फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. मजकूर लांबला की संदेशाचे तुकडे होतात. 'नदीपात्रालगतच्या नागरिकांनी' एवढ्यातच एकतृतीयांशाहून अधिक ऐवज खर्च होतो. आता हे वाक्य पाहा : 'तळमजला सोडा. गाडी काढायला थांबू नका. वरच्या मजल्यावर जा.' मोजल्यास ही ५६ चिन्हे भरतात. वालेन्सियात यातले प्रत्येक वाक्य कोणाचा तरी जीव वाचवू शकले असते. जिल्हा कचेरीत मसुदे लिहिणाऱ्यांना हे जमणार नाही असे मुळीच नाही. बाजारात बसणारी कोणतीही बाई अशी मराठी दिवसभर बोलते. फक्त हे मसुदे उन्हाळ्यात लिहून, वरिष्ठांची सही घेऊन, तयार ठेवले पाहिजेत. पावसाळ्यातल्या रात्री लिहिलेल्या मसुद्याला नेहमीच 'सतर्क' हा शब्द सुचतो.

दुसरी काटकसर करायला हवी ती संख्येची आणि टापूची. सध्या पावसाळ्यात आपल्याला 'पुढील तीन तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' असे एसएमएस येत असतात. त्यांत चुकीचे काही नसते. पण नाशिकसारखा जिल्हा इगतपुरीच्या घाटापासून येवल्याच्या माळापर्यंत पसरलेला. इगतपुरीत धो धो कोसळत असताना येवल्यात शेतकरी ढगाकडे डोळे लावून बसलेला असतो. त्याच्या फोनवर दहा वेळा पावसाचा इशारा आला आणि थेंब पडला नाही, तर अकराव्या वेळी तो फोनकडे बघेल काय? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. एकाच शहरात एकीकडे प्रलय आणि दुसरीकडे नेहमीचा पावसाळी दिवस. मनोऱ्याचा टापू निवडून फक्त तेवढ्याच भागाला सांगता येते, हाच तर या नव्या यंत्राचा मोठा गुण आहे. तो न वापरता सरसकट राज्यभर घंटा वाजवायची असेल, तर एसएमएस काय वाईट होता?

यंत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात, म्हणजे उगाच भाबड्या आशा राहणार नाहीत. भूकंपाचा इशारा मिळतो तो भूकंपाच्या दोन लाटांच्या वेगातल्या फरकामुळे. आधी येणारी हलकी लाट यंत्राने टिपायची आणि मागून येणारी विध्वंसक लाट पोहोचण्यापूर्वी काही सेकंद आधी लांबच्या लोकांना सांगायचे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या जवळपास पायाखालीच जमीन हलली. केंद्र इतके जवळ असले की दोन लाटांत अंतरच उरत नाही. तिथे आजचा फोनही मुका राहिला असता. तिथे कामी येते ते नीट बांधलेले घर. चक्रीवादळाचे उलट. त्याचा इशारा आधी दोन दोन दिवस देता येतो, पण वादळ येऊन गेल्यावर फोन निरुपयोगी होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर कोकणातल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती आणि फोनही लागत नव्हते. सांगायचे ते मनोरा उभा आहे तोवर सांगून झाले पाहिजे.

विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप काढले, ते चांगलेच आहे. आपल्या देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. पण ॲप मुद्दाम शोधून उतरवून घ्यावे लागते, त्याला इंटरनेट लागते, आणि खुरपणी करणाऱ्या मजूर बाईकडे बहुधा साधा फोनसुद्धा नसतो. घरात फोन एक असला तर तो घरधन्याच्या खिशातून कामावर जातो. दुपारी घरात कोण असते? म्हातारी, सून आणि पाळण्यातले मूल. 'घरटी मोबाइल' हा आकडा कागदावर छान दिसतो. दुपारी दोन वाजता तो मोबाइल कुठे असतो, हे कोणी मोजत नाही.

म्हणून ओडिशाकडे पाहण्यासारखे आहे. १९९९ च्या ऑक्टोबरातल्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. ३ मे २०१९ रोजी फनी हे तसेच उग्र वादळ पुरीला धडकले, तेव्हा राज्य सरकारने सुमारे बारा लाख माणसे आधीच हलवली होती. बळींची संख्या ६४ राहिली. फोनवर २६ लाख संदेश गेले, हे खरे. पण त्याबरोबर किनाऱ्यावरचे भोंगे वाजले, गावोगाव कर्णे फिरले आणि हजारो स्वयंसेवकांनी दारे ठोठावली. जायला पक्के निवारे होते आणि कुठला निवारा आपला, हे लोकांना आधीपासून ठाऊक होते. फोनने सांगायचे, शेजाऱ्याने हाताला धरून न्यायचे, आणि पोहोचल्यावर डोक्यावर छप्पर असायचे, असा तो सारा बेत होता. यातला फोन तेवढा उचलून आणला आणि बाकीचे ओडिशात ठेवले, तर हाती काय लागेल ते सांगायला नको.

आपल्याकडेही असे करणारे लोक आहेत. पुणे, नाशिक आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांत 'ग्राम सुरक्षा यंत्रणा' चालते. गावात बिबट्या शिरला, चोर आले, आग लागली, तर गावातल्या माणसाने एका ठरलेल्या नंबरावर बोलायचे; त्याचा तो निरोप, त्याच्याच आवाजात, नोंदणी केलेल्या सगळ्या घरांत फोनवर ऐकू जातो. ज्याचा फोन लागला नाही त्याला यंत्र पुन्हा पुन्हा लावत राहते. वाचता न येणाऱ्यालाही तो कळतो. आणि आवाज ओळखीचा असतो, ही बाब लहान नाही. कोतवाल हलगी वाजवून दवंडी द्यायचा तेव्हा लोक घराबाहेर येत, त्यात हलगीच्या आवाजाइतकाच कोतवाल ओळखीचा असण्याचाही भाग होता. दिल्लीहून आलेल्या कर्कश घंटेनंतर पोलीस पाटलाचा किंवा सरपंचबाईंचा आवाज त्याच फोनवर ऐकू आला, 'आरं उठा, शाळेत चला', तर घंटेला अर्थ येईल. ही सांगड घालायला फार मोठा खर्च नाही.

खर्च येतो तो जबाबदारी लिहून देण्याचा. प्रत्येक जिल्ह्यात कळ दाबण्याचा अधिकार कोणाला, तो रजेवर असेल तर कोणाला, आणि किती विसर्गाला किंवा किती तासांत किती पाऊस झाल्यावर कोणाला न विचारता ती दाबायचीच, हे पावसाळ्याआधी वर्तमानपत्रात छापून यावे. शुद्ध हेतूने दिलेला इशारा खोटा ठरला, तर त्या अधिकाऱ्याला शिक्षा होणार नाही, हेही त्यात असावे. नाहीतर तो वरिष्ठांच्या फोनची वाट बघत बसेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. प्रत्येक मोठ्या पुरानंतर आणि दरडीनंतर एक साधा तक्ता प्रसिद्ध व्हावा : धोका किती वाजता कळला, कोणी कोणाला सांगितले, संदेश किती वाजता निघाला. अशा तक्त्याची भीती असली की बैठका आपोआप आटोपशीर होतील. आणि दरडीच्या याद्या दरवर्षी डोंगर चढून, वाडीवरच्या माणसांना विचारून नव्याने केल्या पाहिजेत. कोणत्या उतारावर भेगा पडल्या आहेत आणि कोणता झरा अचानक गढूळ झाला आहे, हे तिथे राहणाऱ्याला उपग्रहाच्या आधी दिसते. त्याने ते सांगावे यासाठी मात्र खालून वर जाणारा नंबर हवा; सध्याचे सारे इशारे वरून खाली येतात.

घरच्या घरी करण्याजोगे काम त्या मानाने थोडे आहे. २०२३ च्या त्या घंटांनी वैतागून ज्यांनी फोनमधले इशारे बंद करून टाकले असतील, त्यांनी सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी अलर्ट' शोधून ते पुन्हा सुरू करावेत. हे काम घरातल्या नातवाकडे द्यावे. त्याला दोन मिनिटे लागतात. आजीआजोबांच्या फोनवरही त्यालाच करू द्यावे, आणि तो आवाज कसा असतो ते एकदा त्यांना ऐकवावे.